महाराजाची विहीर

(शालान्त परीक्षा १९७५ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावरचे आपले गुरुजन, आणि समोर बसलेल्या, चटकन ओळखू न येणाऱ्या माझ्या वर्गबंधू-भगिनींनो,

ओळखू न येणाऱ्या म्हणालो, राग मानू नका. सकाळी फाटकाशी एका टक्कल पडलेल्या गृहस्थांना मी सर समजून वाकून नमस्कार केला. तो आपला मॉनिटर निघाला. त्यानं आशीर्वादही दिला. पन्नास वर्षांत सवय गेलेली नाही.

संयोजकांनी मला आधी विषय दिला होता पाण्याचा. म्हणाले, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलीस, माणदेशात राहतोस, दुसरं काय बोलणार? मी म्हटलं, पाण्यावर बोलणारे आता पाण्यापेक्षा जास्त झालेत, मला सोडा. मग म्हणाले, इंग्लंडला जाऊन आलास, त्यावर बोल. ते मी आनंदानं कबूल केलं. घरी येऊन लिहायला बसलो, तर ते फिरून फिरून पाण्यावरच आलं. तेव्हा दोन्ही विषय वीस मिनिटांत उरकतो.

आमचा धाकटा रेडिंग नावाच्या गावात नोकरीला आहे. लंडनपासून जवळच. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. लंडन त्यानं दाखवलं. राजवाडा, टॉवर, नदीवरचा तो उघडणारा पूल, सगळं झालं. मग त्यानं स्टोनहेंजची तिकिटं काढायला घेतली. साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी उभे केलेले दगड. तिकिटाचा आकडा ऐकून आमची ही म्हणाली, ‘‘दगडं बघायला एवढं पैसं? दगडं मी लई फोडल्यात.’’

पोरगं हसलं. मीही हसलो, पण जरा उशिरानं. ते का, ते पुढं येईलच.

तर स्टोनहेंज रद्द झालं. त्याऐवजी पोरानं आम्हा दोघांना दोन दिवस आणि एक रात्र वॉलिंगफर्ड नावाच्या गावी धाडलं. रेडिंगहून थेट बस जाते. त्या वर्षी तिकडे बसच्या एका फेरीला दोन पौंडांपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही असा नियम होता, त्यामुळे हिचाही विरोध मावळला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, आणि लग्नकार्य, मयत, दवाखाना किंवा ऑफिसचं काम यांपैकी कुठलंही कारण नसताना आम्ही दोघंच एखाद्या गावी मुक्कामाला चाललोय, असं पहिल्यांदा घडत होतं. बसमध्ये काय बोलावं ते कळेना. मग ती खिडकीतून शेतं बघत राहिली आणि मी पाटाचं पाणी कुठं दिसतंय का ते बघत राहिलो. पाट एकही दिसला नाही. नुसतंच हिरवं.

वॉलिंगफर्ड हे टेम्सच्या काठचं जुनं गाव. आल्फ्रेड राजाच्या काळात, म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी, गावाभोवती घातलेले मातीचे तट अजून दिसतात. नदीवर लांबलचक दगडी पूल आहे. किल्ला आहे असं कळल्यावर मी मोठ्या उत्साहानं गेलो. आपण वारूगड-संतोषगड बघितलेली माणसं. तिथं भिंतींचे चार तुकडे आणि बाकी गवताचे उंचवटे. राजाविरुद्धच्या यादवी युद्धात हा किल्ला फार उशिरापर्यंत लढला, म्हणून १६५२ मध्ये क्रॉमवेलच्या लोकांनी तो पाडूनच टाकला. ही म्हणाली, ‘‘दगडं कुठं गेली?’’ खरा प्रश्न तोच असतो. पाडलेल्या किल्ल्याचे दगड आसपासच्या भिंतींतच शोधायचे, तिथंही आणि आपल्याकडंही. अगाथा ख्रिस्ती बाईंचं घर याच गावाच्या टोकाला आहे, १९३४ पासून शेवटपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, हे घर त्यांच्याकडं होतं. आम्ही बाहेरून बघितलं आणि पुढं निघालो, कारण दुपारी यूएल्मला जायचं होतं.

यूएल्म मात्र मी तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे, विशेषतः सरांना.

हे एवढंसं खेडं. नावाचा अर्थच जुन्या इंग्रजीत ‘झऱ्याचा उगम’ असा आहे. गावातून ओढा वाहतो, आणि त्याच्या स्वच्छ वाहत्या पाण्यात पूर्वी जलकुंभी नव्हे, तर वॉटरक्रेस नावाची तिखटसर पालेभाजी वाफे करून पिकवायचे. ते वाफे अजून राखलेत. या गावात चौसर या थोर कवीची नात राहायची, ॲलिस चौसर. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, सफोकच्या विल्यम डी ला पोलनं, १४३७ मध्ये राजाची परवानगी काढून तेरा गरीब म्हाताऱ्यांसाठी निवारा बांधायला घेतला. दोन धर्मगुरू नेमायचे, त्यांतल्या एकानं गावातल्या पोरांना फुकट शिकवायचं, अशी अट घातली. त्यासाठी शाळेची इमारत बांधली. विटांची, दुमजली.

ती शाळा अजून चालू आहे. त्याच इमारतीत. गावची प्राथमिक शाळा म्हणून. आपल्या शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या पावणेदोनशे वर्षांहून आधीची शाळा, आणि आम्ही गेलो तेव्हा निळे स्वेटर घातलेली पोरं मैदानात एकमेकांच्या मागं बोंबलत पळत होती. आपल्या शाळेची पत्र्याची खोली १९६८ ला बांधली, आणि १९७१ च्या वावटळीत तिचे दोन पत्रे उडून कुणाच्या वावरात पडले होते, ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. मी शाळेच्या इमारतीचा विटांचा बांध, धुराडी, खिडक्यांच्या कमानी बघत होतो. इंजिनिअरची खोड. ही मात्र कुंपणाच्या भिंतीशी उभी राहून पोरांकडंच बघत होती. मधली सुटी संपली, बाई बाहेर आल्या, पोरांच्या रांगा लागल्या आणि ती आत गेली, तरी ही तिथंच. मी म्हटलं, ‘‘चला.’’ ती म्हणाली, ‘‘थांबा की. आत्ता आत गेल्यात.’’

मी थांबलो. का थांबायचं ते मला तेव्हा कळलं नाही.

शेजारीच चर्च आहे आणि त्यात त्या ॲलिसबाईंची समाधी. पांढऱ्याशुभ्र अलाबास्टर दगडाची मूर्ती, डोईवर मुकुट, हात जोडलेले. त्या मूर्तीच्या खाली, जाळीच्या आड, दुसरी मूर्ती आहे. तीही तिचीच, पण मेल्यानंतरची. हाडं वर आलेली, कफनात गुंडाळलेली. त्या खालच्या कप्प्याच्या छताला आतून रंगीत चित्रं काढली आहेत, आणि ती बघायची तर जमिनीवर आडवं पडूनच बघावी लागतात. मी पडलो. चित्रं दिसली. उठताना गुडघ्यानं दगा दिला, आणि एका इंग्रज आजोबांनी आणि हिनं मिळून मला उभं केलं. ही म्हणाली, ‘‘वर शालू आन् खाली हाडं. बाई शहाणी हुती.’’ नवऱ्याचं डोकं १४५० मध्ये समुद्रात एका होडीवर उडवलं गेलं होतं, त्यानंतर पंचवीस वर्षं बाई जगली. शहाणपण तिथूनच आलं असेल.

आता विहीर.

संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या घरी परतलो. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. चहा करताना विचारलं, कुठून आलात? भारत म्हटल्यावर त्या एकदम खुलल्या. म्हणाल्या, मग तुम्ही तुमच्या राजाची विहीर बघून जायलाच हवं, वीस मिनिटांवर आहे. आमचा राजा? मला वाटलं बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. मी हिला मराठीत सांगितलं. ही म्हणाली, ‘‘हिर म्हणत्यात तर बघू की. हिर तर फुकाट आसंल.’’

फुकटच होती. दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून आम्ही स्टोक रो नावाच्या खेड्यात उतरलो. चिल्टर्न टेकड्यांवरचं गाव. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि त्यात मध्येच एक सोनेरी-लाल रंगात रंगवलेला घुमट. लोखंडी खांबांवर उभा. चारी बाजूंनी उघडा. त्याखाली विहिरीचं तोंड, पाणी ओढायचं लोखंडी यंत्र, आणि यंत्राच्या वर एक सोनेरी हत्ती. कडेनं इंग्रजीत कोरलेलं, की काशीच्या महाराजांनी ही विहीर दिली. शेजारी विहिरीच्या राखणदारासाठी बांधलेलं आठकोनी छोटं घर. मागं चेरीची बाग. मला क्षणभर असं वाटलं, की कुठल्या तरी यात्रेतलं देऊळ वाट चुकून इथं आलंय.

गोष्ट अशी आहे. या भागातले एडवर्ड अँडरडन रीड नावाचे साहेब कंपनीच्या चाकरीत उत्तर हिंदुस्थानात होते. १८३१ मध्ये आझमगढजवळ त्यांनी लोकांसाठी विहीर खणवली होती. पुढं काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. बोलता बोलता रीडसाहेबांनी सांगितलं, की तुमच्याकडंच काय, आमच्या मुलखातही टेकड्यांवर पाण्याचे असेच हाल आहेत. तिथल्या एका घरात उरलेलं शेवटचं पाणी पोरगं प्यालं, म्हणून आईनं त्याला बदडलं होतं. ही गोष्ट महाराजांच्या मनात राहिली. सत्तावन्नचा उठाव शमल्यावर त्यांना इंग्लंडमध्ये काहीतरी दानधर्म करायचा होता. त्यांनी रीडसाहेबांच्या मुलखात विहीर द्यायचं ठरवलं.

इथं मी माझं मत नोंदवून ठेवतो. सत्तावन्नला काशीचे महाराज इंग्रजांच्या बाजूनं होते. आणि १८६०-६१ मध्ये तिकडच्याच वायव्य प्रांतात, दोआबात, मोठा दुष्काळ पडून गेला होता. त्यानंतर दोन वर्षांत ही विहीर खणायला घेतली, साता समुद्रापार. तिथंच उभ्या उभ्या माझ्या मनात आलं, की बाबा, आपल्या इकडं एखादी जास्त खणली असती तर? मी ते हिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘‘तान्हेल्याला कुठला गाव आन् कुठलं काय.’’ मी माझं मत बदललेलं नाही. पण तिच्यापुढं ते जरा कमी आवाजात मांडतो.

आता खात्याच्या माणसाला रंगू द्या पाच मिनिटं.

१० मार्च १८६३ ला काम सुरू झालं, २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांना खुली केली. खोली ३६८ फूट. रुंदी किती? चार फूट! म्हणजे आपल्या भाषेत साठ-पासष्ट परस खोल आणि माणसाला धड हात पसरता येणार नाहीत एवढी अरुंद. लंडनच्या सेंट पॉल चर्चचा कळस ३६५ फूट. ते अख्खं चर्च त्या खोलीत उभं केलं तरी वर तीन फूट उरतील. आणि हे सगळं हातानं. एकच माणूस खाली उतरून खोदणार, माती बादलीनं वर येणार. मी आयुष्यभर विहिरी, कालवे, तलाव बघितले, दरडी कोसळून मेलेल्या मजुरांचे पंचनामे केले. त्या काठावर उभा राहून मला खाली काम करणाऱ्या त्या माणसाची धास्ती वाटली. दीडशे वर्षं उशिरानं.

एवढं खोल का जावं लागलं? तिथं पाऊस आपल्यापेक्षा बरा पडतो, शिवार हिरवं आहे, मग पाण्याचा तोटा का? कारण ते डोंगर खडूचे आहेत. होय, खडूचे. सर, आपण खडूचा तुकडा मागच्या बाकावर नेम धरून मारायचात ना, तसाच दिसणारा पांढरा खडक, शेकडो फूट जाडीचा. त्याला भेगाच भेगा. पडलेला पाऊस वर थांबतच नाही, थेट खाली मुरतो आणि फार खोलवर जाऊन साठतो. वर टेकडीवर ना ओढा, ना झरा. लोक डबक्यांचं आणि मातीच्या खड्ड्यांत साठलेलं पाणी प्यायचे. तेच पाणी टेकडीच्या पायथ्याला झरे होऊन बाहेर येतं. यूएल्मचा ओढा म्हणजे त्यातलाच प्रकार. आदल्या दिवशी खाली बघितलेलं पाणी आणि आज वर न दिसणारं पाणी, कूळ एकच.

आपलं बरोबर उलटं. आपला काळा पत्थर. तो पाणी आत घेत नाही. सह्याद्रीच्या आडोशाला आपण, पाऊस मुळात थोडा, आणि जो पडतो तो खडकावरून माणगंगेत आणि माणगंगेतून भीमेत. म्हणजे त्यांचं पाणी फार आत जातं म्हणून ते तहानलेले, आणि आपलं आत जातच नाही म्हणून आपण. हे मी हिला मोठ्या उमेदीनं समजावून सांगत होतो. नोकरीत असताना आमदारांनासुद्धा इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मागं वळून बघितलं तर ती तिथं नव्हती.

चेरीच्या बागेत एका बाकावर बसली होती. या बागेची गंमत अशी, की विहिरीची देखभाल व्हावी, दुरुस्तीला पैसा मिळावा म्हणूनच ती लावली. फळं विकायची आणि त्यातून विहीर राखायची. आपल्या पाणीपुरवठा योजना कशानं बंद पडतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बागेपुढं हात जोडावेसे वाटतील. सत्तरहून जास्त वर्षं लोकांनी ते पाणी ओढलं, नळ येईपर्यंत. पुढं १९६४ मध्ये शंभरी झाली तेव्हा राणीचे यजमान प्रिन्स फिलिप आले होते, आणि काशीहून आणलेलं गंगेचं पाणी त्या विहिरीत मिसळलं होतं. हे सगळं मला तिला सांगायचं होतं. पण तिनं विचारलं, ‘‘त्या आईनं त्या पोराला किती मारलं, काय लिव्हलंय का?’’

मी म्हटलं, तसं काही नाही.

मग तिनं जे सांगितलं ते एकेचाळीस वर्षांत मला सांगितलेलं नव्हतं. आज इथं सांगायला मी तिची परवानगी घेतली आहे.

तुम्हाला १९७२ आठवतं. आपण आठवीत. नव्या दहावीची आपलीच पहिली तुकडी होणार होती, म्हणून मास्तरांना आपलं कोण कौतुक. आणि पाऊस गेला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीवर गेली, रेशनला लाल मिलो आला. माझे वडील तलाठी, घरात पगार येत होता. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी तो नव्हता. दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायला लागली. जानेवारीत आपल्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. मुलींच्या रांगेत खिडकीकडून दुसरी. तीच पुढं १९८३ मध्ये माझी बायको झाली. लग्न ठरल्यावर ती म्हणाली, मी तुमच्याच वर्गात होते. मी म्हटलं, होय का? मला आठवत नव्हतं. शेजारच्या बाकावरचं माणूस उठून गेलं आणि मला पत्ता नव्हता. मी तेव्हा बीजगणितात गुंतलो होतो.

तिचे आईवडील पाझर तलावाच्या कामावर होते. सुरुवातीला ती घरी राहून पाणी भरायची, नंतर तीही खडी फोडायला गेली. टँकर आला की गावच्या विहिरीत पाणी ओतायचा, आणि मग सगळा गाव काठावर. एके दिवशी पहाटेपासून उभी राहून तिनं अर्धी घागर आणली. दिवसभर उन्हात काम करून येणाऱ्या आईबापासाठी राखून ठेवली. स्वतः प्याली नाही. घरात पाच वर्षांचा भाऊ. ती चुलीला काटक्या आणायला बाहेर गेली आणि तेवढ्यात तो घागर कलती करून प्यायला गेला. थोडं प्याला, बाकीचं सांडलं. मातीच्या जमिनीनं ते पिऊनही टाकलं.

‘‘मी त्याला लाकडानं मारलं,’’ ती म्हणाली. ‘‘हातानं न्हाई. लाकडानं. त्यो वरडलासुदीक न्हाई. कणगीच्या मागं जाऊन बसला आन् तितंच झोपला.’’

संध्याकाळी आई आली. घागर बघितली. हिनं सांगितलं, वासरानं सांडलं.

वासरू दोन महिन्यांपासून छावणीवर होतं.

आईनं एक शब्द विचारला नाही. पोराला उचलून मांडीवर घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पदर तोंडाला लावून तशीच बसली. पुढं तीस वर्षं आई जगली. तो विषय तिनं कधी काढला नाही, हिनंही नाही. ‘‘तिला सगळं ठावं हुतं. तिनं मला एकदा हाणायला पायजे हुतं,’’ ही म्हणाली.

मी काही बोललो नाही. चौतीस वर्षं दुष्काळाचे अहवाल लिहिले मी. किती गावं, किती टँकर, माणशी किती लिटर. त्यात हे कुठल्या रकान्यात बसतं?

जरा वेळानं मी तिला फोन दिला. म्हटलं, लाव त्याला. तिकडं बारा वाजले होते, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेचार. मेव्हणा आमचा एसटीतून निवृत्त झालाय, दुपारची झोप काढून नुकताच उठला होता. त्याला वाटलं, परदेशात काही बरंवाईट झालं. हिनं सरळ विचारलं, तुला आठवतंय का, मी लाकडानं मारलं होतं, पाणी सांडलं म्हणून? फोन मोठ्या आवाजावर होता. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आक्के, तू मला इतक्यांदा हाणलंयस, त्यातलं ह्ये कंचं?’’

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. पलीकडून तो ‘आक्के, आगं आक्के’ करतोय आणि इकडून हिला बोलता येईना. कुत्रं फिरवायला आलेल्या एक बाई थांबल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार आणि कुठल्या इंग्रजीत?

नंतर आम्ही रस्त्यापलीकडच्या दुकानात चहा घेतला. तिनं पाणी मागितलं, त्यांनी काचेच्या जगात बर्फ घालून आणून ठेवलं. ती सगळं प्याली. तिला थंड पाणी सोसत नाही, रात्री घसा धरला. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. रेडिंगला पोरानं विचारलं, कशी झाली ट्रिप? ती म्हणाली, हिर झ्याक हुती.

एवढंच माझं इंग्लंड.

आता एक शेवटचं, संयोजकांवर टीका म्हणून नव्हे. सकाळी आपण सरांकडून पुन्हा हजेरी घेतली. सरांनी ऐंशीच्या वर वय असताना उभं राहून दहावीचा पट वाचला. आपण ‘हजर’ म्हणून ओरडलो. जे गेले त्यांच्या नावाशी सर थांबले, तेव्हा सगळ्यांचे डोळे भरले. माझेही. पण तो पट दहावीचा होता. आठवीत आपण किती होतो आणि दहावीला किती उरलो, हे मी काल शाळेच्या कपाटातून जुनं हजेरीपुस्तक काढून बघितलं. क्लार्कनं धूळ झटकून दिलं. निम्मे, थोडे कमी-जास्त. बाकीच्यांच्या नावांपुढं त्या मार्चमध्ये लाल शाईनं एकच शेरा आहे, ‘सतत गैरहजर, नाव कमी’. अक्षर सरांचंच आहे. ओळखीचं, वळणदार.

फाटकाशी बिल्ले वाटत होते. मला ‘माजी विद्यार्थी’ असा मिळाला. हिला ‘निमंत्रित’. तिनं तो पदराला लावला आहे आणि ती तिसऱ्या रांगेत, खिडकीकडून दुसरी बसली आहे.

हजेरीपुस्तक मी इथं टेबलावर ठेवतो. सर, जेवणं झाल्यावर, तब्येत साथ देत असेल तर, एकदा आठवीचा पटही वाचा.